घरगुती ध्वनिमुद्रण : यंत्र, कान आणि औचित्य

सर्व कलांमध्यें संगीत ही अत्यंत क्षणभंगुर कला होय. चित्र भिंतीवर राहतें, मूर्ति देवळांत राहते, काव्य पोथींत राहतें; परंतु गवयाचा स्वर उमटतो न उमटतो तोंच विरून जातो. भास्करबुवा बखले यांचें नांव महाराष्ट्रांत आजही आदरानें घेतलें जातें. पण ते १९२२ सालीं निवर्तले, आणि त्यांच्या कंठांतून निघालेला एकही स्वर आज आपणांस ऐकावयास मिळत नाहीं. अल्लादियाखांसाहेब तर १९४६ पर्यंत हयात होते. ध्वनिमुद्रिकांचा धंदा तोंवर चांगला भरभराटीस आलेला होता. तरीही त्यांच्या गायनाची तबकडी मागें राहिली नाहीं. या दोघांची विद्या शिष्यपरंपरेनें आपल्यापर्यंत आली खरी. परंतु विद्या निराळी आणि आवाज निराळा. विद्या देतां येते, आवाज देतां येत नाहीं.

ही हळहळ थोरामोठ्यांपुरतीच नाहीं. ज्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत आपण लहानाचे मोठे झालों, जे आजोबा पहांटे काकड आरती म्हणत असत, त्यांचे आवाज कोठें आहेत? बहुतेक घरांत त्यांच्या तसबिरी आहेत, आवाज नाहींत. पूर्वीं यास उपाय नव्हता. आज मात्र घरोघरीं ध्वनिमुद्रण करण्याजोगें यंत्र आहे, आणि ज्या घरांत गाणें-बजावणें आहे तेथें तरुण मंडळी एखादा बरा मायक्रोफोन व लॅपटॉप घेऊन मुद्रणाचे प्रयोगही करूं लागली आहेत. हा छंद चांगला आहे. परंतु चांगला छंदही नीट समजून केला तरच फळतो. म्हणून त्याचें मर्म काय, हें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले व गौहरजान यांच्या गायनाचें मुद्रण त्यांनीं केलें. त्या वेळीं मायक्रोफोनचा उपयोग नव्हता. एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गायकानें जोरानें गावयाचें, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेंच मेणाच्या तबकडीवर रेघ उमटावयाची, अशी रीत होती. तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. जो राग रंगावयास घटका लागावी तो तीन मिनिटांत बसवावा लागे, आणि तंबोऱ्यासारखा कोमल नाद तर कर्ण्यापर्यंत पोंचतही नसे. १९२५ च्या सुमारास विद्युत्-मुद्रण व मायक्रोफोन आले, तेव्हां कोठें गायकास आपल्या स्वाभाविक आवाजांत गातां येऊं लागलें. पुढें चुंबकीय फीत आली, आणि मुद्रण कंपनीच्या दालनांतून रसिकांच्या दिवाणखान्यांत शिरलें. खासगी बैठकींत कोणीतरी हौसेनें फितीचें यंत्र लावून ठेवावें, आणि तींच मुद्रणें पुढील पिढीस अनमोल वाटावीं, असें पुष्कळ वेळां घडलें आहे. मोठमोठ्या गवयांचें तासतासभराचें मोकळें गाणें आज ऐकूं येतें, त्याचें पुष्कळसें श्रेय अशा निनांवी हौशी माणसांकडे जातें.

एकाच माणसानें घरीं बसून अनेक भाग निरनिराळे मुद्रित करावे व ते एकत्र मिळवावे, ही कल्पनाही जुनीच आहे. अमेरिकेंतील गिटारवादक लेस पॉल यांनीं आपल्या घराच्या गॅरेजमध्यें, तबकडीवर तबकडी मुद्रित करीत, गिटारचे आठ भाग एकमेकांवर चढवून १९४८ सालीं एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. त्यांत एखादी चूक झाली कीं आरंभापासून पुन्हां सुरुवात करावी लागे. आज तेंच काम ऑडॅसिटीसारखी फुकट मिळणारी प्रणाली सहज करिते. चूक झाल्यास एक कळ दाबून मागें जातां येतें. अशा रीतीनें यंत्राची अडचण संपली. पण यंत्राची अडचण संपली म्हणजे काम सोपें झालें असें समजूं नये. उलट आतां सर्व जबाबदारी कानावर आली.

नवशिक्याचा पहिला समज असा असतो कीं, महाग मायक्रोफोन आणला म्हणजे मुद्रण उत्तम होईल. वस्तुतः मायक्रोफोनपेक्षां खोलीचें महत्त्व अधिक आहे. ध्वनि एका सेकंदास सुमारें ३४३ मीटर, म्हणजे जवळजवळ अकराशे पंचवीस फूट, या वेगानें जातो. दहा फुटांच्या उघड्या भिंतींच्या खोलींत तो एका सेकंदांत शंभराहून अधिक वेळां भिंतींवर आपटूं शकतो. मायक्रोफोन गायकाचा आवाज घेतो तसे हे सारे परतलेले आवाजही घेतो. आपला कान मनाच्या साहाय्यानें नको तें गाळतो. मायक्रोफोनला मन नाहीं, तो कांहींच गाळीत नाहीं. म्हणून बैठकींत जो आवाज गोड वाटला तोच मुद्रणांत डब्यांतून आल्यासारखा ऐकूं येतो.

यास उपाय घरांतच आहेत. पुस्तकांनीं भरलेलें कपाट, कपड्यांची उघडी मांडणी, जाड गाद्या, दोरीवर टाकलेल्या गोधड्या व वाकळा, जमिनीवर सतरंजी, इतक्यानें खोलीचा घुमारा पुष्कळ कमी होतो. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटविण्याची एक वेडगळ समजूत प्रचलित आहे. त्यानें आवाजाच्या वरच्या टोंकावर थोडासा परिणाम होतो, पण खर्जाचें घुमणें तसेंच राहतें. लांबी व रुंदी सारखीच असलेली चौरस खोली शक्य तर टाळावी, कारण तिच्यांत विवक्षित खर्जस्वर दोन्ही दिशांनीं एकदमच फुगतात. गायकानें खोलीच्या ऐन मध्यावर बसूं नये, कोपऱ्यांतही बसूं नये. छताचा पंखा बंद करावा. फ्रिजचें बटण थोडा वेळ मिटावें, मात्र काम संपल्यावर तें पुन्हां लावण्याची आठवण ठेवावी, नाहींतर संगीतामुळें दूध नासल्याचा ठपका येतो. कुकरच्या शिट्टीची वेळ स्वयंपाकघराकडून आधींच समजून घ्यावी. शहरांत रात्रीं अकरानंतरची किंवा पहांटेची वेळ बरी.

खोलीनंतर दुसरी गोष्ट अंतराची. मायक्रोफोन आणि गायक यांमधील अंतर दुप्पट केलें म्हणजे सरळ येणाऱ्या आवाजाचा दाब निम्मा होतो, पण भिंतींवरून परतणारा आवाज मात्र जवळपास तितकाच राहतो. अर्थात् अंतर हेंच खरें नियंत्रण होय. बहुतेक घरगुती मायक्रोफोन समोरचा आवाज अधिक व पाठीमागचा कमी घेणारे असतात. त्यांस हृदयाकृति म्हणतात. असा मायक्रोफोन ओठांपासून वीतभराच्या आंत आणला तर खर्ज अस्वाभाविक फुगतो. फार दूर नेला तर खोलीच अधिक ऐकूं येते. गायनासाठीं सामान्यतः हातभर अंतरापासून आरंभ करावा व मग कानानें ठरवावें.

येथें आपल्या वर्णोच्चारशास्त्राचा एक प्रत्यक्ष उपयोग होतो. 'प', 'फ', 'भ' हे ओष्ठ्य वर्ण उच्चारतांना ओठांतून वाऱ्याचा झोत निघतो. तो मायक्रोफोनच्या पडद्यावर आदळला कीं धप्प असा आवाज होतो. 'श', 'ष', 'स' या ऊष्म वर्णांचा सीत्कार यंत्रास नको तितका तीक्ष्ण ऐकूं येतो. दोहोंस उपाय एकच : मायक्रोफोन तोंडाच्या अगदीं समोर न ठेवतां किंचित् बाजूस किंवा कपाळाच्या उंचीवर ठेवून तोंडाकडे वळवावा. झोत समोरून निघून जातो, स्वर मात्र सर्व दिशांस पसरतो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं आपल्या शिक्षाकारांनीं वर्णांचें स्थान व प्रयत्न यांचा जो विचार केला, तो आज एका लहानशा यंत्रापुढें बसतांना कामास यावा, ही विद्येची गंमत आहे.

वाद्यांचीही प्रत्येकाची प्रकृति निराळी. तंबोऱ्याची जवारी घोडीपाशीं बोलते. म्हणून मायक्रोफोन घोडीच्या समोर हातभर अंतरावर असावा. अगदीं चिकटविल्यास तारेचा खणखणाट येतो व नादाचें वलय हरपतें. तबला-डग्ग्यास वरून दीड-दोन फुटांवर, दोहोंच्या मध्यें धरलेला एक मायक्रोफोन घरगुती कामास पुरतो. मात्र तबलजीस कोपऱ्यांत बसवूं नये, डग्गा घुमून सर्वांवर बसतो. पेटीच्या भात्याचा फुसफुसाट टाळण्यासाठीं भात्याच्या विरुद्ध बाजूकडून आवाज घ्यावा. आणि तंबोरा लावण्यास घाई करूं नये. बेसूर लागलेला तंबोरा पुढील कोणत्याही कारागिरीनें सुरांत आणतां येत नाहीं.

एक मायक्रोफोन वापरावा कीं अनेक? अनेक मायक्रोफोनांचा मोह मोठा असतो, कारण प्रत्येक वाद्य निराळें हातीं राहतें. परंतु एकच आवाज दोन मायक्रोफोनांत थोड्या वेळाच्या अंतरानें शिरला कीं कांहीं स्वर एकमेकांस मारतात व आवाज पोकळ होतो. म्हणून असा सर्वसाधारण नियम आहे कीं, वाद्य व त्याचा मायक्रोफोन यांत जितकें अंतर असेल त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन मायक्रोफोनांमध्यें असावें. लहान खोलींत हें जमत नाहीं. अशा वेळीं मायक्रोफोनांची एकच जोडी समोर ठेवावी आणि माणसें हलवावीं. तबला मोठा वाटतो? तबलजीस दोन हात मागें सरकवावें. तंबोरा ऐकूं येत नाहीं? तो पुढें घ्यावा. बैठकीची मांडणी हेंच पहिलें मिक्सिंग, आणि हें मिक्सिंग यंत्रांतील मिक्सिंगापेक्षां अधिक स्वाभाविक असतें.

आतां आवाजाच्या पातळीविषयीं. आजचें यंत्र ध्वनीचे आंकडे करून ठेवितें, सी. डी. च्या पद्धतींत दर सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाचें माप घेतलें जातें. सोळा बिटांच्या मापांत ६५,५३६ पायऱ्या असतात, तर चोवीस बिटांच्या मापांत १,६७,७७,२१६. म्हणून मुद्रण चोवीस बिटांतच करावें. मग पातळी थोडी खालीं ठेवली तरी कांहीं बिघडत नाहीं. उलट पातळी शून्याच्या वर गेली कीं लाटेचा माथा छाटला जातो, आणि तो पुन्हां जोडतां येत नाहीं. गायकास प्रथम तार सप्तकांतील सर्वांत जोराची तान घ्यावयास सांगावी, तेव्हां कांटा उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील असें करावें, आणि मग त्या बटणास हात लावूं नये.

इतकें नीट झालें म्हणजे मिक्सिंगास फारसें काम उरत नाहीं, आणि तेंच उत्तम मिक्सिंगाचें लक्षण समजावें. यंत्रांत आयुधें पुष्कळ आहेत : कांहीं स्वरपट्टे उचलणारें वा दाबणारें इक्वलायझर, मोठा आवाज आवरणारा कॉम्प्रेसर, देवळाचा किंवा सभागृहाचा घुमारा देणारा रिव्हर्ब. नवशिका या सर्वांचा उपयोग एकदमच करतो. अकराव्या शतकांतील काश्मीरचा आचार्य क्षेमेंद्र यानें औचित्य हेंच काव्याचें जीवित मानिलें. अलंकार सुंदर असला तरी तो आपल्या जागीं असावा; कंठांत मेखला घातली तर लोक हंसावयाचेच. मिक्सिंगाचें सारें शास्त्र या एका शब्दांत सांठविलें आहे. गायनाच्या खालचा रस्त्याचा घरघराट ऐंशी हर्ट्झच्या खालील भाग कापून काढावा, हें उचित. पण डग्ग्याच्या मायक्रोफोनवर तेंच केलें तर डग्ग्याचें पोटच जातें. कॉम्प्रेसरनें एखादी आकस्मिक किंकाळी आवरावी, हें उचित. पण मंद्र षड्जाची कुजबूज आणि तार षड्जाची पुकार एकाच उंचीवर आणली तर ख्यालाची वाढच नाहींशी होते. तंबोरा इतकाच असावा कीं, तो बंद पडला तर लगेच जाणवावें, चालूं असतांना मात्र त्याकडे लक्ष जाऊं नये.

ऐकण्याचीही एक शिस्त आहे. मोठ्या आवाजांत सर्वच गोड वाटतें. म्हणून मिक्सिंग हळू आवाजांत करावें. थकलेला कान तीक्ष्णपणा वाढवीत जातो. म्हणून रात्रीं केलेलें काम सकाळीं ताज्या कानानें तपासावें. हेडफोनवर, लहानशा मोबाइलवर आणि दिवाणखान्यांतील स्पीकरवर असें तीन ठिकाणीं ऐकावें. तिन्ही ठिकाणीं शब्द समजले व सूर टिकले तर काम झालें.

आतां या विषयांतील खरी धोक्याची जागा सांगतों. १९९७ सालीं अँटारेस कंपनीनें ऑटो-ट्यून नांवाची प्रणाली बाजारांत आणली. तेव्हांपासून गायकाचा सूर यंत्रानें 'सुधारण्याची' रीत पडली. अशी साधनें आज घरोघरीं मिळतात. सूर सुधारला तर वाईट काय, असें कोणी विचारील. परंतु या यंत्राची सुराची व्याख्या सामान्यतः पियानोच्या बारा समान अर्धस्वरांची असते. तंबोऱ्याच्या खर्जांतून जो स्वयंभू गांधार ऐकूं येतो, तो पियानोच्या गांधाराहून, अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिल्यास, सुमारें चौदा भागांनीं खालीं असतो. गायिका तंबोऱ्याशीं तंतोतंत मिळालेला गांधार लावते, आणि यंत्र तो चुकला असें ठरवून वर ओढतें! दरबारीचा आंदोलित गांधार तर त्यास निव्वळ डळमळणें वाटतें, आणि मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर झालेली घसरण. आजच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं ज्ञानेश्वरी दुरुस्त करावयास बसलेल्या विद्यार्थ्यासारखी या यंत्राची गत आहे. विद्यार्थी नियमांत चुकत नाहीं, पण आपण कशास हात लावीत आहों हें त्यास कळत नाहीं. तेव्हां रागसंगीतास हें साधन लावूंच नये. सूर खरोखरच चुकला असेल तर गायकानें पुन्हां गावें. तो मार्ग लांबचा आहे, पण त्यानें गाणें सुधारतें, नुसतें मुद्रण सुधारत नाहीं.

हेंच तारतम्य वृद्धांच्या आवाजाविषयींही ठेवावें. ऐंशी वर्षांची आजी ओवी म्हणतांना मध्येंच थांबते, खोकते, एखादा शब्द आठवते, 'अगो, पुढें काय बरें?' म्हणून लेकीस विचारते. उत्साही नातू हें सारें कापून गुळगुळीत ओवी तयार करतो. मग राहतें काय? ओवी छापील पुस्तकांतही मिळेल. आजी मिळणार नाहीं. श्वास, खोकला, बांगड्यांचा आवाज, लेकीचें उत्तर, हें त्या मुद्रणाचें हृदय आहे. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह खेड्याखेड्यांतून हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, व त्यांतील कांहींचें ध्वनिमुद्रणही झालें. तें ऐकतांना आपण केवळ गीत ऐकत नाहीं. एक बाई आपल्या घरीं बसून आपल्या जन्माविषयीं बोलत आहे, हें ऐकतों. कोणी तो आवाज घासून पुसून एकसारखा केला असता, तर ती बाई त्यांतून निघून गेली असती.

म्हणून मुख्य नियम असा : मूळ मुद्रणास कधींही हात लावूं नये. जुन्या पोथीचा संपादक पोथीवर खाडाखोड करीत नाहीं. तो निराळी प्रत करून तींत आपला पाठ देतो, आणि मूळ पोथी बासनांत जशीच्या तशी ठेवतो. मुद्रणाचेंही तसेंच करावें. मूळ फाइल वेव्ह स्वरूपांत जपावी, एम्. पी. थ्री. मध्यें जागा वांचविण्यासाठीं आवाजाचा कांहीं अंश कायमचा टाकलेला असतो, तें स्वरूप केवळ वांटण्यापुरतें वापरावें. तीन प्रती असाव्या, त्या एकाच प्रकारच्या साधनावर नसाव्या, आणि एक प्रत दुसऱ्या घरीं, शक्य तर दुसऱ्या गांवीं, ठेवावी. १९०२ च्या त्या मुद्रणांत गौहरजान शेवटीं आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगत असत, कारण तबकड्या जर्मनींत तयार होत आणि तेथील कारागिरांस कोणाचें गाणें तें कळावयास हवें होतें. आपणही प्रत्येक मुद्रणाच्या आरंभीं गाणाराचें नांव, तिथि, गांव आणि गीत कोणाकडून शिकलें, हें बोलून ठेवावें. फाइलीचें नांव बदलेल, कागद हरवेल, पण आवाजांतच गोंवलेलें नांव आवाजाबरोबर राहील. घरांत जुन्या कॅसेटी असतील तर त्यांचीही अशीच नवी प्रत करून घ्यावी. फीत वर्षागणिक खराब होत जाते, आणि ती वाजविणारीं यंत्रेंही आतां दुर्मिळ होत चाललीं आहेत.

आणखी एक सूचना. गाणाराच्या अनुमतीवांचून मुद्रण करूं नये व केलेलें इतरांस पाठवूं नये. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यांत १९९४ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें कलावंतास आपल्या गायन-वादनावर हक्क दिलेला आहे. कायदा नसता तरीही घरच्या माणसाचा विश्वास ही काय लहान गोष्ट आहे?

हा छंद ज्यांनीं आरंभिला असेल त्यांस शेवटीं इतकेंच सुचवावयाचें आहे कीं, मुद्रणास आरंभ घरांतील सर्वांत वडील माणसापासून करावा. मुलें गातील तीं उद्यांही गातील. नवा मायक्रोफोन घेईपर्यंत, खोली सजेपर्यंत, मिक्सिंग नीट शिकेपर्यंत थांबूं नये; खिशांतील मोबाइल हातभर अंतरावर उशीवर ठेवावा, पंखा बंद करावा, आणि आजोबांस त्यांच्या वडिलांकडून मिळालेलें पद म्हणावयास सांगावें. पद संपल्यावर लगेच कळ दाबूं नये. त्यानंतर ते जें बोलतील तेंही येऊं द्यावें.